चित्रपटांची नावे आणि रोमन लिपीतील मोठी अक्षरे : संग्रहसूचीच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आमच्या चित्रपट मंडळाकडे आजवर साठलेली भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, प्रसिद्धीची छायाचित्रे आणि डीव्हीडी यांची एकत्र संगणकीय सूची करण्याच्या कामाला आज सुरुवात झाली. हाताशी तीन जुन्या सूची आहेत : एक हस्तलिखित वही, एक एक्सेलची फाइल आणि एका बंद पडलेल्या संगणकावरून उतरवून घेतलेला साध्या मजकुराचा दस्तऐवज. प्रत्येक चित्रपटाला देवनागरी शीर्षक, मूळ लिपीतील शीर्षक आणि रोमन शीर्षक असे तीन रकाने द्यायचे ठरले. देवनागरी रकान्यात अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांपलीकडे मोठा वाद होईलसे वाटत नाही. रोमन रकाना मात्र पहिल्याच दिवशी अडला. फेलिनीचा १९५४चा ‘ला स्त्रादा’ एका सूचीत सबंध मोठ्या अक्षरांत आहे, दुसरीत दोन्ही शब्दांची आद्याक्षरे मोठी आहेत आणि तिसरीत फक्त पहिल्या शब्दाचे. आणि संगणकाने हे तीन वेगळे चित्रपट धरून तीन क्रमांक देऊन टाकले.

आमच्या तरुण सहकाऱ्याने विचारले की शोध घेताना संगणक मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही, मग एवढा खल कशाला? शोधापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु दोन सूचींची जुळणी करताना, अकारविल्हे लावताना, प्रदर्शनातील फलक छापताना आणि आपली सूची दुसऱ्या संस्थेला पाठवताना हा भेद आडवा येतो. शिवाय संगणकाच्या लेखी मोठा ‘ए’ म्हणजे ६५ आणि लहान ‘ए’ म्हणजे ९७. निव्वळ या क्रमाने यादी लावली तर मोठा ‘झेड’ लहान ‘ए’च्या आधी येतो, आणि लहान अक्षराने सुरू होणारी सगळी नावे यादीच्या तळाशी जाऊन बसतात.

नोंदी लिहिताना एक अडचण कायम राहणार, ती येथेच नमूद करतो. ज्या लिपीत मोठे-लहान अक्षर असा प्रकारच नाही, त्या लिपीतून मला या भेदाबद्दल लिहायचे आहे. म्हणून ‘अमुक शब्द मोठ्याने’ म्हणजे त्या शब्दाचे रोमन आद्याक्षर मोठे, आणि ‘लहान’ म्हणजे लहान, असे वाचावे.

६ फेब्रुवारी

पहिला प्रस्ताव सोपा होता : सर्व भाषांच्या शीर्षकांत प्रत्येक शब्द मोठ्याने लिहावा. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘प्रॉपर’ नावाचे तयार सूत्र आहे आणि आमच्या नव्या प्रणालीत ‘इनिटकॅप’ हे त्याचे भावंड आहे. शंभर नोंदींवर ते चालवून पाहिले. दोन्ही सूत्रांना शब्द म्हणजे काय हे ठाऊक नाही. अक्षर नसलेले कोणतेही चिन्ह आले की पुढचे अक्षर मोठे करायचे, एवढेच त्यांना कळते. त्यामुळे पोलान्स्कीच्या १९६८च्या ‘रोझमेरीज बेबी’मधला षष्ठीचा ‘एस’ चिन्हापुढे ताठ उभा राहिला. ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाच्या रोमन आकड्यातला दुसरा ‘आय’ लहान झाला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या आद्याक्षरांवरून नाव घेतलेला १९९१चा चित्रपट ‘जेएफके’ हे जणू एखाद्या माणसाचे आडनाव असावे तसा दिसू लागला. ऑल्टमनच्या १९७१च्या चित्रपटातील मॅकेब या नावातला मधला मोठा ‘सी’ही लहान झाला.

तुर्की नावांत तर चूक याहून खोल गेली. त्या भाषेत टिंबाचा ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरे असून दोघांनाही आपापले मोठे रूप आहे. नुरी बिल्गे जेलानच्या २००६च्या ‘इक्लिम्लेर’चे आद्याक्षर मोठे करताना त्यावरचे टिंब राहिले पाहिजे, इंग्रजीच्या सवयीने चालणारा संगणक ते पुसतो. उलट, त्याच्याच २०१४च्या चित्रपटाच्या नावातला हिवाळा या अर्थाचा शब्द मोठ्या अक्षरांतून लहान केला की बिनटिंबाच्या स्वरावर नसलेले टिंब चढते आणि शब्द चुकतो. हा अक्षराच्या थोरलेपणाचा प्रश्न उरत नाही, तो शुद्धलेखनाचाच होतो. आपल्याकडे ‘पाणी’चे ‘पानी’ झाले तर जे वाटेल तेच तुर्की वाचकाला वाटेल.

दोन्ही सूत्रे बंद केली.

११ फेब्रुवारी

आमच्या गटातील निवृत्त ग्रंथपाल बाईंनी आज ग्रंथालयांची पद्धत समजावून सांगितली. जुन्या अँग्लो-अमेरिकन तालिका संहितेत आणि तिच्या जागी आलेल्या आरडीए नियमावलीतही तत्त्व एकच आहे : शीर्षकाचा पहिला शब्द मोठ्याने, आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला त्या त्या भाषेचा नियम. चित्रपट-अभिलेखागारांच्या फियाफ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१६ साली काढलेल्या तालिकीकरण पुस्तिकेत कृती, तिचे पाठभेद, तिचे प्रसिद्ध रूप आणि हाती असलेली प्रत असे चार थर मानले आहेत. त्यामुळे कृतीच्या थरावर प्रमाण शीर्षक ठेवावे आणि एखाद्या भित्तिपत्रकावर ते कसे छापले आहे हे त्या प्रतीच्या थरावर नोंदवावे, अशी वाटणी करता येते. बाईंचे म्हणणे असे की भित्तिपत्रक किंवा पडद्यावरचे टायटल हा मोठ्या-लहान अक्षरांचा पुरावा होऊच शकत नाही, कारण तिथे बहुधा सगळीच अक्षरे मोठी असतात. त्यावरून भाषेचा नियम काढणे म्हणजे लग्नपत्रिकेच्या नक्षीवरून व्याकरण शिकणे होय. मला हे पटले.

फ्रेंचपासून सुरुवात केली, कारण आमच्या डीव्हीडींत फ्रेंच चित्रपट भरपूर आहेत आणि घोळही तिथेच सर्वाधिक आहे. फ्रान्समध्ये शीर्षकाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. ग्रंथालयी पद्धतीत पहिला शब्द आणि विशेषनामे मोठ्याने, बाकी सारे लहान. मुद्रणाची जुनी पद्धत अधिक नाजूक आहे : शीर्षक निश्चित उपपदाने (इंग्रजीतील ‘द’सारख्या शब्दाने) सुरू होत असेल, तर उपपदाबरोबर पहिले नामही मोठ्याने, आणि नामाआधी विशेषण आले असेल तर तेही. म्हणून रन्वारच्या १९३९च्या ‘ला रेग्ल द्यू ज’मध्ये नियम या अर्थाचा शब्द मोठ्याने आणि खेळ या अर्थाचा लहान. त्याच्याच १९३७च्या ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’त विशेषण नामाच्या आधी असल्याने तिन्ही शब्द मोठ्याने. त्र्युफोच्या १९५९च्या ‘ले कात्र सां कू’तही, चारशे हा आकडा नामाआधी असल्याने, सगळेच मोठ्याने. पण बुन्युएलच्या १९२९च्या ‘अं शियँ आंदालू’मध्ये आरंभी अनिश्चित उपपद आहे, म्हणून फक्त तेच मोठ्याने, कुत्रा लहान आणि अंदालुसियाचे विशेषणही लहान, कारण फ्रेंचमध्ये देशप्रदेशांवरून आलेली विशेषणे मोठ्याने लिहीत नाहीत. कॉक्तोच्या १९४६च्या ‘ला बेल ए ला बेत’मध्ये दोन समान नामे ‘आणि’ने जोडलेली असल्याने दोन्ही नामे मोठ्याने, मात्र मधले उपपद लहान.

दुपारभर यावर चर्चा झाली. मुद्रणाची पद्धत देखणी आहे आणि फ्रेंच वाचकांच्या डोळ्यांना ती परिचित आहे, परंतु ती लावण्यासाठी प्रत्येक शीर्षकाचे व्याकरण सोडवावे लागते, आणि आमच्यात फ्रेंच येणारी व्यक्ती एकच. अखेर ग्रंथालयी पद्धत स्वीकारली. त्यात काही गमावले आहे हे मान्य करूनच स्वीकारली. एक गोष्ट मात्र सोडायची नाही असे ठरले : मोठ्या अक्षरावरचे स्वरचिन्ह. जुन्या छपाईत मोठ्या अक्षरांवरची चिन्हे गाळण्याची सवय होती. तरी फ्रेंच अकादमीच्या मते मोठ्या अक्षरावरही चिन्हाला शुद्धलेखनाचे पूर्ण मूल्य आहे. गोदारच्या १९६०च्या ‘आ बू द सूफ्ल’मधला पहिला शब्द हे शब्दयोगी अव्यय आहे, चिन्ह काढले की तेच अक्षर क्रियापद होते.

१४ फेब्रुवारी

जर्मनमध्ये नियम ठसठशीत आहे : प्रत्येक नाम मोठ्याने, मग ते विशेषनाम असो वा सामान्यनाम. म्हणून १९३०च्या ‘देअर ब्लाउअ एंगल’मध्ये निळा लहान आणि देवदूत मोठ्याने. इंग्रजीच्या सवयीने आमच्या एक्सेलमध्ये निळाही मोठा झाला होता.

फासबिंडरच्या १९७४च्या ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’वर मात्र मी बराच वेळ थांबलो. भीती आत्म्याला खाऊन टाकते, असा त्याचा आशय. त्यातला ‘एसेन’ लहान आद्याक्षराने लिहिला की खाणे हे क्रियापद; मोठ्याने लिहिला की जेवण हे नाम, किंवा त्याच नावाचे जर्मनीतले शहर. आमच्या जुन्या सूचीत तो मोठ्याने आहे, म्हणजे चित्रपटाचे नाव ‘भीती जेवण आत्मा’ असे काहीसे झाले होते. शिवाय हे वाक्य मुळातच व्याकरणदृष्ट्या मोडके आहे. परदेशातून कामाला आलेल्या माणसाच्या तोंडची ती जर्मन आहे, क्रियापद चालवलेले नाही आणि आत्म्याचे उपपद गळलेले आहे. भाषेचा नियम लावायचा म्हणजे भाषा दुरुस्त करायची नव्हे, अशी सूचना नियमपत्रकात याच चित्रपटाच्या निमित्ताने लिहिली.

२००६च्या ‘दास लेबेन देअर आन्डरेन’मध्ये इतरजन या अर्थाचा शेवटचा शब्द एरवी लहान लिहितात, पण तो नाम म्हणून योजला असेल तर मोठ्याने लिहिण्यास जर्मनमध्ये मुभा आहे, आणि चित्रपटकर्त्यांनी ती घेतली आहे. ज्यांच्यावर पाळत ठेवली जाते ते ‘इतर’ हे येथे जवळजवळ एका वर्गाचे नाव आहे. येथे नियम आणि निर्मात्याची निवड यांचा झगडा नाही, म्हणून मोठ्यानेच ठेवले.

मोठ्या अक्षरांतून उलट लहान करण्याचा एक सापळा १९२३च्या ‘दी श्ट्रासं’मध्ये सापडला. रस्ता या अर्थाच्या या शब्दात जर्मनचे खास जोड-‘एस’ आहे. त्याला स्वतःचे मोठे रूप अधिकृतपणे मिळाले ते २०१७ साली. तोवर सबंध मोठ्या अक्षरांत लिहिताना त्याचे दोन ‘एस’ करीत. दोनांचे पुन्हा एक करावे की नाही हे संगणकाला कळण्याचा मार्ग नाही, कारण इतर शब्दांत खरोखरच दोन ‘एस’ असतात.

१८ फेब्रुवारी

इटालियन आणि स्पॅनिश एका बैठकीत संपल्या. दोन्हींत पहिला शब्द आणि विशेषनामे एवढेच मोठ्याने. ‘लादरी दी बिचिक्लेत्ते’त फक्त चोर मोठे, सायकली लहान, रोसेल्लिनीच्या १९४५च्या चित्रपटात रोम पहिलाच शब्द असल्याने प्रश्न उरत नाही. स्पॅनिशमध्ये आरंभीची उलटी प्रश्न-उद्गारचिन्हे शीर्षकाचा भाग मानायची, मात्र क्रम लावताना सोडून द्यायची.

डेन्मार्कने वेळ घेतला. डॅनिशमध्येही एके काळी सर्व नामे मोठ्याने लिहीत. १९४८च्या शुद्धलेखन-सुधारणेने ती पद्धत बंद केली. म्हणजे ड्रायरचा १९४३चा ‘व्रेडन्स दाग’ जुन्या नियमाखाली प्रदर्शित झाला आणि १९५५चा ‘ओर्डेट’ नव्या नियमाखाली. पहिल्यातला दिवस हा शब्द त्या काळच्या छापील साहित्यात मोठ्याने येणार, आजच्या डॅनिश सूचीत लहान. आम्ही आजचा नियम लावला, आणि जुने रूप पर्यायी शीर्षकात ठेवले. मराठीत १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या शीर्षकांतील अनुच्चारित अनुस्वारांबाबत आपण हेच करतो, त्यामुळे निर्णयाला वाद झाला नाही.

२४ फेब्रुवारी

इंग्रजी सोपी वाटली होती. प्रत्यक्षात तिच्यात एक नियम नसून नियमांची घराणी आहेत. १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’मधला ‘विथ’ शिकागो पद्धतीत (शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेच्या लेखन-संहितेत) लहान, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पद्धतीत, चार अक्षरांचा म्हणून, मोठ्याने. शिकागोवाल्यांनीही २०२४च्या अठराव्या आवृत्तीत पाच किंवा अधिक अक्षरांची शब्दयोगी अव्यये मोठ्याने लिहायला सुरुवात केली. २०१३च्या स्टार ट्रेक चित्रपटातील ‘इनटू’ मोठ्याने की लहान यावर इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी प्रदीर्घ वाद घातला, त्याची आठवण झाली. आपण ‘अभियंता की इंजिनिअर’ यावर वाद घालतो, त्यांचा वाद एका आद्याक्षरावर.

लहान शब्दांची यादी देऊन काम भागत नाही, हेही दिसले. वाइल्डरच्या १९५९च्या ‘सम लाइक इट हॉट’मधला ‘इट’ दोनच अक्षरांचा असला तरी सर्वनाम आहे, म्हणून तो मोठ्यानेच. ‘इन’ आणि ‘ऑफ’ यांच्या रांगेत त्याला बसवता येत नाही. निर्णय : इंग्रजी शीर्षकांपुरती शिकागो पद्धत, कारण इंग्रजी चित्रपटांची नावे महत्त्वाचे शब्द मोठ्याने लिहून वाचण्याची आपल्या सभासदांना सवय आहे. ग्रंथपाल बाईंना हा अपवाद रुचलेला नाही. त्यांचे मत येथे नोंदवून ठेवतो.

३ मार्च

आजची नोंद माझ्या चुकीची आहे. जुन्या संगणकावरून आलेल्या दस्तऐवजात मराठी चित्रपटांची नावे रोमनमध्ये होती आणि शब्दांच्या मधेमधे मोठी अक्षरे विखुरलेली होती. टंकन निष्काळजीपणे झाले आहे असे मानून मी शनिवारी रात्री सर्व अक्षरे लहान करून घेतली, आद्याक्षरे तेवढी मोठी केली आणि ती यादी देवनागरीत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला दिली. आज सकाळी तक्ता उघडला तर प्रभातच्या १९३७च्या ‘कुंकू’चा ‘कुम्कु’ झाला होता, १९३९च्या ‘माणूस’चा ‘मनुस’, १९४१च्या ‘शेजारी’चा ‘शेजरि’, आणि राजा परांजपे यांच्या १९६४च्या ‘पाठलाग’चा ‘पथलग’.

ती मोठी अक्षरे निष्काळजीपणाची नव्हती. ज्या कोणी ती यादी केली, त्यांनी आयट्रान्ससारखी लिप्यंतर-पद्धत वापरली होती. कळफलकावर रोमनची सव्वीसच अक्षरे आणि आपल्याला हवेत त्याहून कितीतरी अधिक ध्वनी. म्हणून त्या पद्धतीत मोठा ‘ए’ म्हणजे आ, मोठा ‘आय’ म्हणजे ई, मोठा ‘एन’ म्हणजे ण, मोठा ‘टी’ म्हणजे ट, आणि त्याला ‘एच’ जोडला की ठ. ज्याला मी नक्षी समजलो तो काना होता, वेलांटी होती, मूर्धन्य उच्चार होता. गेले महिनाभर मी सहकाऱ्यांना सांगत आलो की प्रत्येक भाषेचा नियम आधी पाहा, आणि आपल्या भाषेच्या नावांपाशी आल्यावर पाहिलेच नाही. मराठीत मोठी अक्षरे नसतात, तेव्हा ती निरर्थकच असणार, असे मी गृहीत धरले होते.

५ मार्च

मूळ दस्तऐवजाची प्रत सुदैवाने एका पेनड्राइव्हमध्ये होती, त्यामुळे नुकसान भरून आले. नव्या प्रणालीत आता प्रत्येक रोमन शीर्षकाशेजारी लिप्यंतर कोणत्या पद्धतीने केले आहे हे सांगणारा रकाना आहे, आणि तो रिकामा असेल तर त्या शीर्षकावर कोणतीही स्वयंचलित क्रिया चालत नाही. आमच्या स्वतःच्या लिप्यंतरासाठी आयएसओ १५९१९ हे मानक घेतले. त्यात दीर्घ स्वरांवर रेघ आणि मूर्धन्य व्यंजनांखाली टिंब येते, म्हणजे ध्वनीचा भेद चिन्हांनी दाखवला जातो, अक्षराच्या मोठे-लहानपणाने नव्हे. त्यामुळे आद्याक्षर मोठे केले तरी उच्चाराला धक्का लागत नाही.

१० मार्च

आता खरा प्रश्न : मराठी शीर्षक रोमनमध्ये लिहिताना मोठे काय आणि लहान काय? फ्रेंचला फ्रेंचचा नियम, जर्मनला जर्मनचा; मराठीला या बाबतीत नियमच नाही, कारण गरजच पडलेली नाही. ‘प्रत्येक शब्द मोठ्याने’ ही आपल्याकडच्या भित्तिपत्रकांची आणि संकेतस्थळांची सवय इंग्रजीवरून आलेली आहे. जपानी, बंगाली अशा मोठे-लहान अक्षर नसलेल्या लिपींतील शीर्षकांना ग्रंथालये पहिला शब्द व विशेषनामे एवढेच मोठ्याने लिहितात. तेच आपण घ्यावे, असे मी सुचवले.

तपासणीसाठी पन्नासेक नावे फळ्यावर लिहिली, आणि एक गोष्ट लक्षात आली जी मला फार आवडली. हिंदी नावांत ‘का, की, के, में, से’ हे सुटे शब्द असल्याने इंग्रजी पद्धत लावायची तर त्यांना लहान करावे की मोठे, हा प्रश्न सतत उभा राहतो. ‘मुग़ल-ए-आज़म’मधला मधला ‘ए’ आणखी निराळा. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. ‘श्यामची आई’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ यांत लहान करण्याजोगा सुटा शब्दच नाही; ‘ची’ आणि ‘चे’ विशेषनामाच्या पोटात शिरलेले आहेत आणि त्याच्या मोठ्या आद्याक्षराच्या छायेत सुखाने राहतात. २००९च्या ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’मध्ये आमच्या नियमाने गल्ली मोठी होते ती केवळ पहिली म्हणून, गोंधळ आणि मुजरा लहान राहतात, आणि दिल्ली सप्तमीच्या प्रत्ययासह मोठी होते. शीर्षकातला विनोद गल्ली आणि दिल्ली यांच्या जोडीवर उभा आहे, आणि योगायोगाने तेच दोन शब्द मोठे दिसतात. ‘थोरातांची कमळा’त दोन्ही शब्द विशेषनामे, म्हणून दोन्ही मोठ्याने. ‘अयोध्येचा राजा’त राजा लहान, पण ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तो पहिला म्हणून मोठा.

‘संत तुकाराम’चे काय? तेथेही ‘संत’ पहिला असल्याने भागले, परंतु शीर्षकाच्या मध्ये आलेली संत, राजे, महाराज ही मानाची उपपदे नावाचा भाग मानायची की विशेषणे, यावर एकमत झाले नाही. १८ तारखेच्या बैठकीपर्यंत तो मुद्दा खुला ठेवला आहे.

सवय मोडायची नाही म्हणून दुसरा रोमन रकाना ठेवला : ‘प्रचलित रोमन’. निर्मात्यांनी प्रसिद्धीत ज्या वर्णलेखनाने नाव वापरले ते त्यात जसेच्या तसे जाईल. शोध दोन्ही रकान्यांत होईल, कारण ‘फँड्री’ शोधणारा कोणीही टिंब-रेघांसह टंकणार नाही.

१८ मार्च

खुला मुद्दा मिटला : मानाचे उपपद वगळूनही नाव पूर्ण राहत असेल तर उपपद लहान.

आज गोव्याहून आलेल्या खोक्यातील कोकणी चित्रपटांच्या पुस्तिका घेतल्या. १९५०चा ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोकणी चित्रपट, आणि त्यानंतरचे १९६३चे ‘आमचें नशीब’ व १९६६चे ‘निर्मोण’. यांच्या रोमन नावांवर आमचे लिप्यंतर मानक लावायला सहकारी निघाला होता, त्याला थांबवले. रोमी कोकणी ही लिप्यंतर नव्हे. ती त्या भाषेची वापरातली लिपी आहे, तिच्यात छापील साहित्य आहे आणि तिचे स्वतःचे वर्णलेखन आहे. ‘नशीब’मधला श तेथे ‘एक्स’ने लिहितात, ‘आमचें’वरचा नासिक्य उच्चार अखेरच्या ‘एम’ने, आणि मूर्धन्य व्यंजन अक्षर दुहेरी करून. आयट्रान्सने जे काम मोठ्या अक्षराकडे सोपवले ते रोमीने जोडाक्षराकडे सोपवले आहे, त्यामुळे मोठे अक्षर वाक्यारंभासाठी आणि नावांसाठी मोकळे राहिले. या चित्रपटांचे रोमन शीर्षक मूळ लिपीच्या रकान्यात गेले, आणि देवनागरी शीर्षक हेच त्यांचे लिप्यंतर ठरले.

२४ मार्च

अकारविल्हे लावताना आरंभीचे उपपद सोडून देण्याची सोय प्रणालीत आहे. तिला भाषा सांगितली नाही तर ती सगळ्या भाषांची उपपदे सगळ्या शीर्षकांना लावते. १९८८चा अमेरिकन ‘डाय हार्ड’ जर्मन ‘दी’ समजून ‘एच’खाली गेला. रने क्लेरच्या १९३१च्या ‘आ नू ला लिबेर्ते’चे आरंभीचे स्वरचिन्ह जुन्या सूचीत गळलेले असल्याने ते शब्दयोगी अव्यय इंग्रजी उपपद ठरले आणि चित्रपट ‘एन’खाली सापडला. आणि २००८चा आमचा ‘दे धक्का’? डच भाषेत ‘दे’ हे निश्चित उपपद आहे, म्हणून प्रणालीने तो ‘धक्का’ या शब्दाखाली लावला होता. सगळे खूप हसले. उपपद सोडण्याची क्रिया आता भाषेच्या रकान्यावर अवलंबून केली आहे, आणि मराठीसाठी ती पूर्ण बंद आहे. ‘एक होता विदूषक’मधला एकही सोडायचा नाही.

२ एप्रिल

उरलेली नावे चमत्कारिक घडणीची होती. क्रोननबर्गच्या १९९९च्या ‘एक्झिस्टेन्झ’मध्ये आद्याक्षर लहान असून दुसरे आणि शेवटचे अक्षर मोठे आहे. २०१७चा ‘मदर!’ प्रसिद्धीत संपूर्ण लहान अक्षरांत आहे. ही घडण प्रचलित रूपाच्या रकान्यात जपली. प्रमाण शीर्षकात भाषेचा नियम लावला. ‘आरआरआर’सारखी आद्याक्षरी नावे मात्र दोन्ही रकान्यांत मोठीच राहतील, कारण तेथे प्रत्येक अक्षर एकेका शब्दाचे प्रतिनिधी आहे.

शेवटी २०१७चा ‘चि. व चि. सौ. कां.’ हाती आला. लग्नपत्रिकेतल्या या संक्षेपांपैकी कोणते विशेषनाम आणि कोणते नाही, असा प्रश्न तरुण सहकाऱ्याने गंभीरपणे विचारला. एकही नाही, त्यांच्यापुढे ज्यांची नावे यायची ती शीर्षकात आलेलीच नाहीत. म्हणून नियमाप्रमाणे पहिला ‘चि.’ मोठा आणि दुसरा लहान, असे लिहून पाहिले. वराचा चि. मोठा आणि वधूचा लहान दिसतो, यावर ग्रंथपाल बाईंनी हरकत घेतली. चर्चेअंती संक्षेपातील प्रत्येक आद्याक्षर मोठ्याने लिहावे, अशी पुरवणी आद्याक्षरी नावांच्या नियमाला जोडली. मधला ‘व’ तेवढा लहान ठेवला. उद्यापासून गाण्यांच्या पुस्तिकांचे दुसरे खोके उघडायचे आहे.